कोकणातून क्रूझला निघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या घरांतून हल्ली क्रूझबद्दल पुष्कळ विचारणा होते. कुणाला मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप करायचं असतं. कुणाचा मुलगा दुबईला किंवा सिंगापूरला असतो, म्हणून तिथून सुटणाऱ्या बोटीचा विचार चाललेला असतो. जाहिरातीत पोहण्याचा तलाव दिसतो, पंगतीसारखं मांडलेलं जेवण दिसतं. पण चिपळूणहून निघायचं कधी, आजीच्या पाटल्यांचं काय करायचं, मसाल्याची पुडी चालेल का, हे तिथे कुणी लिहीत नाही. म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत. एक गोष्ट सगळ्या उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल: जाताना आणि येताना, दोन्ही टोकांना एकेक दिवसाची सवड ठेवा. बोटीच्या प्रवासातल्या बहुतेक अडचणी ही सवड नसल्यामुळे होतात.

क्रूझ कोकणातल्या एखाद्या बंदरातून सुटते का?

नियमित क्रूझसाठी आपल्याला दोनच ठिकाणं सोयीची आहेत: उत्तरेला मुंबईचं बॅलार्ड पिअर आणि दक्षिणेला गोव्यातलं मुरगाव. मधल्या किनाऱ्यावर पूर्वी आगबोटी लागायच्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी ती मालिका घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून तोंडपाठ असते. पण तेव्हाही बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला येत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला यायचे. आजची क्रूझ त्या आगबोटींपेक्षा कितीतरी मोठी असते. तिला खोल पाणी, मोठा धक्का आणि शेकडो माणसांची तपासणी करण्याची सोय असं सगळं एका ठिकाणी लागतं.

सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले या भागातल्या लोकांनी बुकिंग करताना एक प्रश्न जरूर विचारावा: या फेरीत गोव्याहून चढता किंवा उतरता येतं का? काही फेऱ्यांत ती सोय असते. तसं झालं तर मुंबईची सगळी ये-जा वाचते.

कुठल्या महिन्यात जावं?

अरबी समुद्राचं ऐकून ठरवायचं. जून ते सप्टेंबर आपला किनारा पावसाळ्याच्या ताब्यात असतो. मासेमारीसुद्धा १ जून ते ३१ जुलै बंद असते. या काळात मुंबईहून सुटणाऱ्या बहुतेक फेऱ्या थांबतात. भारतीय कंपनीच्या बोटीने याआधी पावसाळ्यात चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या केलेल्या आहेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला समुद्र निवळलेला वाटतो, पण तो काळ आणि मे ते जूनचा आरंभ हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे दिवस. नोव्हेंबर २००९ चं फयान, ऑक्टोबर २०१९ चं क्यार, ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला आदळलेलं निसर्ग, मे २०२१ चं तौक्ते: ही सगळी याच दोन काळांतली. म्हणून पहिलीच क्रूझ असेल, सोबत वयस्कर माणसं असतील, तर डिसेंबर ते फेब्रुवारीच धरा. पाणी त्यातल्या त्यात शांत असतं आणि डेकवर उन्हाचा ताप होत नाही.

पण आपल्याकडे घरचं वेळापत्रकही बघावं लागतं. गणपती आणि शिमगा सोडून कुणी जाणार नाही. भातकापणी, झोडणी होईपर्यंत शेतकऱ्याला उसंत नाही. मोहोर आला की फवारण्या सुरू होतात, मग हापूसवाल्याचा पाय बागेतून निघत नाही. मे महिन्यात तर चाकरमानी आणि पेट्या दोन्ही एकदम. बागायतदार घरांना सगळ्यात मोकळी फट मिळते ती दिवाळी आणि कापणी आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. योगायोगाने नाताळची गर्दी तेव्हा सुरू झालेली नसते आणि दरही बरे असतात. २४ डिसेंबर ते १ जानेवारी मात्र दर चढलेले असतात आणि बोटही भरलेली असते.

जाहिरातीत लिहिलेल्या दरातच सगळं होतं का?

नाही. तो दर बहुतेक वेळा एका खोलीत दोघं धरून माणशी असतो. त्यावर बंदर शुल्क, जीएसटी, कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिसी हे वेगळं लागतं. एकट्याने जाणाऱ्याला पुष्कळदा दोघांच्या जवळपास भाडं पडतं. तिसरा-चौथा माणूस त्याच खोलीत असेल तर त्याचा दर कमी असतो, पण खोली लहान असते, हे आधी समजून घ्या.

मुख्य उपाहारगृहातलं जेवण भाड्यात धरलेलं असतं. शीतपेयं, दारू, खास उपाहारगृहं, मसाज, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. दलालाला एकच वाक्य सांगा: “घरातून निघून घरी परत येईपर्यंत तुम्हाला द्यायची एकूण रक्कम कागदावर लिहून द्या.” आणि रद्द केल्यास किती दिवस आधी किती कापणार, तेही त्याच कागदावर घ्या. तारीख जवळ येते तशी ही कपात वाढत जाते, शेवटी काहीच परत मिळत नाही.

परदेशी क्रूझचं पॅकेज भारतातून घेतलं तर त्यावर टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ वसूल करायचा आयकर) कापला जातो. तो पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पावती जपून ठेवा.

खोली कुठली घ्यावी? कोकण किनारा दिसेल अशी मिळते का?

चार प्रकार असतात: आतली बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि सूट. आतली स्वस्त असते. झोपण्यापुरतीच खोली हवी असेल तर तिच्यात काहीही वाईट नाही. पण ज्यांना बंद जागेत जीव घाबरा होतो त्यांनी पैसे वाचवायला ती घेऊ नये.

किनाऱ्याचं म्हणाल तर हिशेब सोपा आहे. मुंबईहून दक्षिणेला जाताना कोकण डाव्या हाताला असतं, परतीच्या वाटेवर उजव्या हाताला. बाल्कनी किंवा खिडकी घेणार असाल तर डेकचा नकाशा मागून घ्या आणि खोली कुठल्या बाजूची आहे ते विचारून मगच पक्की करा.

अपेक्षा मात्र नीट ठेवा. क्रूझ किनाऱ्यापासून बरीच लांबून जाते. दिवसा धुरकट रेघेपलीकडे फारसं दिसत नाही. खरी मजा रात्रीची. संध्याकाळी बोट मुंबईबाहेर पडली की थोड्या वेळाने डावीकडे खांदेरीचा दिवा दिसतो. कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलेलं हे दीपगृह. मग हवा स्वच्छ असेल तर एकामागून एक दिवे येत राहतात. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते, त्यावरूनच खलाशी ते ओळखतात. मोबाइलवर आधीच उतरवून ठेवलेला नकाशा उघडा आणि मनातल्या मनात सेकंद मोजत बसा. दाभोळच्या खाडीच्या तोंडावरचं टोळकेश्वर, मग जयगड, मग रत्नागिरीच्या किल्ल्यावरचं. संध्याकाळी सुटलेली बोट साधारण मध्यरात्रीनंतर रत्नागिरीसमोर असते. मधेच पाण्यावर ठिपक्यांसारखे दिवे दिसतात, त्या आपल्याच लोकांच्या मच्छीमार बोटी. पहाटे वेंगुर्ल्यासमोरचे खडक येतात, त्यांच्यावरही दीपगृह आहे. ज्या दिव्याखाली लहानपण गेलं तो दिवा समुद्राकडून बघण्यासाठी रात्र जागवावी, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी बाल्कनीच हवी असं नाही. वरच्या डेकवर अंधाराची बाजू बघून उभं राहिलात तरी पुरतं.

मला बोट लागते. जाऊ की नको?

जा, पण तयारीने. बोटीच्या मधल्या भागातली आणि शक्य तितक्या खालच्या डेकवरची खोली घ्या, तिथे हेलकावा सगळ्यात कमी जाणवतो. पुढच्या टोकाची, वरची खोली सगळ्यात जास्त हलते. मोठ्या बोटींना डोलणं कमी करणारी यंत्रणा असते, त्यामुळे मचव्यात होणारा त्रास इथे होईलच असं नाही.

ॲव्होमिनसारखी गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, बोट सुटण्याच्या तासभर तरी आधी घ्यावी लागते. तिने झोप येते. रक्तदाब, प्रोस्टेट, काचबिंदू यांची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी राहू नका. सुका भात, टोस्ट, आलं-लिंबू जवळ ठेवा. मळमळायला लागलं तर खोलीत आडवं पडून मोबाइल बघू नका, उघड्यावर या आणि क्षितिजाकडे नजर लावा.

अजून खात्री वाटत नसेल तर आधी जवळची परीक्षा घ्या. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो (गाड्याही नेणारी बोट) आहे. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघीची फेरीबोट आहे. खाडीचं पाणी आणि भर समुद्र यांत फरक आहे, पण अंदाज येतो.

देशातल्या फेरीसाठी पासपोर्ट लागतो का?

मुंबई-गोवा-कोची-लक्षद्वीप अशा फेरीसाठी भारतीय नागरिकाला पासपोर्ट लागत नाही. आधार किंवा मतदार ओळखपत्र यांसारखं फोटो असलेलं मूळ सरकारी ओळखपत्र लागतं. झेरॉक्स चालत नाही, पॅन कार्डावर विसंबू नका. लहान मुलांचं आधार किंवा जन्मदाखला घ्या.

आपल्याकडे गोंधळ होतो तो नावाचा. बाईचं आधार सासरच्या नावाचं, दुसरं ओळखपत्र माहेरचं. एका कागदावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर नाहीच. तिकीट काढताना जे ओळखपत्र दाखवणार आहात ते समोर ठेवून त्यातलं नाव अक्षर न् अक्षर उतरवा. घरात हाक मारायचं नाव तिकिटावर घातलं म्हणून धक्क्यावर अडकलेली कुटुंबं असतात आणि त्या वेळी ते दुरुस्त करायला कुणालाच सवड नसते.

रत्नागिरीहून किंवा कणकवलीहून कधी निघावं?

आदल्या दिवशी. यात काटकसर करू नका. बोट संध्याकाळी सुटणार असली तरी प्रवाशांची नोंदणी दुपारीच सुरू होते आणि सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होते. त्यानंतर पोचलेल्याला चढू देत नाहीत, भाडंही परत मिळत नाही. कोकण रेल्वे एकेरी मार्गाची. एक गाडी क्रॉसिंगला अडकली की मागची सगळी रांग उशिरा. महामार्गाचं तर सांगायलाच नको.

रात्रीची कोकणकन्या पहाटे सीएसएमटीला येते. तिने त्याच दिवशी पोचून दुपारी बोट धरता येते, पण आजी-आजोबा सोबत असतील तर आदल्या दिवशीच मुंबईत नातेवाईकांकडे मुक्काम करणं बरं. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर जवळ आहे, टॅक्सीवाल्याला “बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट” सांगा. भाऊच्या धक्क्याला जाऊ नका, ते ठिकाण वेगळं. तिथून मांडवा-रेवसच्या बोटी सुटतात. तिकिटावर टर्मिनलचं नाव लिहिलेलं असतं, तेच अखेरचं समजा.

सामानात काय चालत नाही?

आग लावू शकणारी कुठलीही वस्तू. बोटीवर आगीची भीती सगळ्यात मोठी असते. त्यामुळे इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, किटली, मेणबत्त्या, उदबत्त्या, काडेपेटी हे सगळं तपासणीतच बाजूला काढतात. रोजची पूजा न चुकवणाऱ्या घरातल्या बॅगेतून निरांजन, वाती, तुपाची डबी आणि काडेपेटी निघते. यंत्रावर ते दिसतं, बॅग उघडायला लावतात आणि मागे रांग खोळंबते. देवाचा छोटा फोटो, जपमाळ, हळदकुंकवाची कोयरी न्या. दिवा घरी लावून ठेवायला शेजाऱ्यांना सांगा.

सुऱ्या, कोयते, आडकित्तेही नकोत. घरी शिजवलेलं जेवण आणि मासे बोटीवर घेऊ देत नाहीत. पाकीटबंद फरसाण, लाडू यांना सहसा हरकत नसते, पण कंपनीचा नियम वाचा. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा धक्क्यावर जमा होतात आणि खोलीपाशी यायला संध्याकाळ होते.

समुद्राला नारळ द्यायचा आहे. बोटीवरून देता येईल का?

देऊ नका. जहाजावरून समुद्रात काय टाकावं यावर आंतरराष्ट्रीय नियम आहेत. प्लास्टिक तर कुठेच टाकता येत नाही, आणि प्रवाशाने काहीही टाकलं तरी कंपनी कारवाई करते. घरून निघण्याआधी आपल्या बंदरावर जाऊन दर्याला नारळ द्या, गाऱ्हाणं घाला आणि मग निघा. तसाही तो मान आपल्या किनाऱ्याचा.

बोट गोव्याला थांबते तेवढ्यात कुलदैवताचं दर्शन होईल का?

हा प्रश्न आपल्या घरांतून हमखास येतो, कारण पुष्कळांचं कुलदैवत तिकडचं आहे: मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा, नागेशी. ही सगळी फोंडा तालुक्यात, एकमेकांपासून जवळ. मुरगावहून रस्त्याने साधारण तासाभराचं अंतर धरा, रहदारी असेल तर जास्त.

बोट किती वाजता लागणार हे न बघता ती किती वाजेपर्यंत परत बोलावते हे बघा. धक्क्याला लागल्यावर लगेच उतरता येत नाही, त्यातही वेळ जातो. हातात सलग पाच तास मिळत असतील तर एक किंवा दोन देवळं निवांत होतात. अभिषेक करायचा असेल तर देवस्थानाला आधी कळवा. दुपारी नैवेद्य-आरतीच्या वेळा विचारून घ्या. टॅक्सी आधी ठरवा आणि ड्रायव्हरला परतीची वेळ बोटीच्या वेळेच्या दीड तास आधीची सांगा.

हे फार महत्त्वाचं आहे: कंपनीच्या सहलीतून गेलेल्या लोकांची बस अडकली तर बोट सहसा थांबते. स्वतःच्या टॅक्सीने गेलेल्यासाठी ती थांबत नाही. गेलेली बोट पुढच्या बंदरात स्वखर्चाने गाठावी लागते. म्हणून ओळखपत्र आणि थोडे पैसे नेहमी अंगावर असू द्या, खोलीत ठेवून उतरू नका.

लक्षद्वीपसाठी काय वेगळं लागतं?

प्रवेशाचा परवाना लागतो. त्याचं काम क्रूझ कंपनी करते, पण अर्ज आणि ओळखपत्र तिने सांगितलेल्या तारखेच्या आत द्यावं लागतं. शेवटच्या क्षणी बुकिंग करणारे इथे अडकतात.

मोठी बोट बेटाला लागत नाही. ती बाहेर उभी राहते आणि लहान बोटीतून किनाऱ्याला नेतात. जुन्या पडावाची आठवण असलेल्या माणसांना हे नवीन नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र विचार करावा, कारण दोन हलत्या बोटींमधलं पाऊल टाकावं लागतं. समुद्र उसळलेला असेल तर उतरणं रद्द होतं.

बंगाराम सोडून बेटांवर दारूबंदी आहे. लोकवस्ती मुस्लिम आणि साधी आहे, गावात अंगभर कपडे घाला. आणि किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, उचलू नका. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये प्रवाळाला संरक्षण आहे, तो सापडला तर गुन्हा होतो. मुलांचे खिसे निघताना तपासा.

ठरलेलं बंदर वगळलं तर पैसे परत मिळतात का?

बहुधा त्या बंदराचं शुल्क आणि कंपनीकडून घेतलेल्या सहलीचे पैसे मिळतात, भाडं नाही. हवामान किंवा सुरक्षेमुळे मार्ग बदलायचा अधिकार कॅप्टनला असतो आणि तो तिकिटाच्या अटींत लिहिलेला असतो. केवळ एका बंदरासाठी क्रूझ घेऊ नका. दर्शनच मुख्य असेल तर रेल्वेने गोव्याला जा.

बोट सुरक्षित असते का? घरची मोठी माणसं घाबरतात.

त्यांच्या भीतीला कारण आहे. १७ जुलै १९४७ ला, आषाढी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि ६०० हून अधिक माणसं गेली. भर पावसाळ्यातला दर्या, खचाखच भरलेली बोट, आणि मदतीला बोलावण्याचं साधन नाही. रायगडात ती गोष्ट घराघरांत अजून सांगितली जाते. तिची चेष्टा करून आजीला गप्प बसवू नका. आज काय बदललं आहे ते तिला नीट सांगा: संपर्काची साधनं आहेत, हवामानाचा इशारा आधी मिळतो, प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट आणि जीवरक्षक नौकेत जागा असते.

आणि मग स्वतः बोटीवरचा सुरक्षेचा सराव नीट करा. बोट सुटण्यापूर्वी सगळ्या प्रवाशांना धोक्याचा भोंगा ओळखायला, जाकीट घालायला, आपली जमण्याची जागा शोधायला शिकवतात. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया उलटली तेव्हा नुकत्याच चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर सुटण्याआधीच सराव घेण्याचा नियम आला. खोलीपासून जमण्याच्या जागेपर्यंत लिफ्ट न वापरता, जिन्याने एकदा चालून बघा. लहान मुलांना मोजून पायऱ्या दाखवा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

गोव्यात दारू घेऊन मुंबईत उतरवली तर?

गोव्यात स्वस्त म्हणून बाटल्या घेणारे असतात. फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती बांद्याच्या नाक्यावरून आणा की समुद्रातून. देशातल्या फेरीत परदेशी बंदर नसतं, त्यामुळे ड्यूटी फ्रीची सवलत इथे लागू होते असंही समजू नका. बाहेरून दारू बोटीवर नेऊ देत नाहीत, ती काढून घेतात. काजूगर, कोकम, बेबिंका आणा, त्याला कुणी हरकत घेत नाही.

दुबई किंवा सिंगापूरहून क्रूझ घ्यायची आहे. व्हिसा कसा?

जिथून सुटते तिथे तुम्ही परत येणार असाल तर त्या देशाचा अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा लागतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन बोटीतून बाहेर गेलात की तो संपला, परत उतरताना अडचण. वाटेत लागणाऱ्या प्रत्येक देशाचा नियम वेगळा बघा, तिथे उतरणार नसलात तरी. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यावर किमान ६ महिने शिल्लक हवी. सिंगापूरला पोचण्याआधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं, ते फुकट असतं, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका.

वैद्यकीय विमा जरूर घ्या. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल डॉलरमध्ये येतं.

मालवणी मसाला, अनारसे, मशेरी नेता येईल का?

इथे फार जपा. मालवणी मसाल्यात खसखस असते. अनारशावर ती थापलेली असते. आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या अमली पदार्थांत धरतात. आपल्या घरात जी वस्तू डब्यात वर्षभर असते तिच्यामुळे दुबईत पोलिस चौकशी होऊ शकते. मुलासाठी मसाला न्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा कुटून न्या आणि दिवाळीच्या फराळातून अनारसे बाजूला काढा. सिंगापूरलाही खसखशीबाबत नियम कडक आहेत.

मशेरी, खायचा तंबाखू आणि ई-सिगारेट सिंगापूरला नेणं गुन्हा आहे. आजीला मशेरीची सवय असेल तर हे आधीच मोकळेपणाने बोला. विमानतळावर पिशवी उघडल्यावर नव्हे. सिंगापूरला च्युइंगगमही नको आणि साध्या सिगारेटवरही करसवलत नाही.

औषधांचं तसंच. ट्रॅमाडोल, कोडीन असलेल्या गोळ्या आणि खोकल्याची औषधं आखाती देशांत नियंत्रित आहेत. डॉक्टरांची छापील चिठ्ठी, औषधाचं मूळ नाव आणि मूळ पाकीट सोबत ठेवा. ताजी फळं, सुकी मासळी, मांस यांवर बऱ्याच बंदरांत बंदी असते. सुकट-बोंबलाचा वास लपत नाही, तेव्हा तो मोह सोडा.

जाताना अंगावरच्या दागिन्यांचं काय?

रोजचं मंगळसूत्र, दोन बांगड्या यांवरून सहसा कुणी अडवत नाही. लग्नाला निघाल्यासारखे पाटल्या, तोडे, हार घालून जाणार असाल तर निघण्याआधी भारतीय कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. अधिकारी दागिने बघून त्यांची नोंद देतात. परत येताना तो कागद दाखवला की हे इथलंच सोनं आहे हे सिद्ध होतं. जुन्या पावत्या आणि अंगावर घातलेला फोटोही उपयोगी पडतो. महागडा कॅमेरा, लॅपटॉप यांनाही हेच लागू. खरं सांगायचं तर बाकीचं सोनं लॉकरमध्ये ठेवून जाणं सगळ्यात निर्धास्त.

भारतीय नोटा माणशी २५,००० रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतात.

परत येताना किती वस्तू कर न भरता आणता येतात?

भारतात राहणाऱ्याला ठरावीक किमतीपर्यंत सवलत असते. ही रक्कम सरकार बदलत असतं, म्हणून निघण्याच्या आठवड्यात कस्टमच्या संकेतस्थळावर बघून घ्या, दलालाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. त्यात दारू २ लिटर आणि सिगारेट १०० पर्यंत बसतात. नवरा-बायकोची सवलत एकत्र करून एक महाग वस्तू आणता येत नाही, सवलत ज्याची त्याला. बोटीवरच्या ड्यूटी फ्री दुकानातली खरेदीही यातच मोजली जाते.

सोन्याबद्दल स्पष्ट सांगतो, कारण आखातात आपली इतकी माणसं आहेत. दागिन्यांची खास सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यालाच आहे. आठवड्याच्या क्रूझला गेलेल्याला ती मिळत नाही. नाणी, बिस्किटं तर कुठल्याच करमाफीत बसत नाहीत. जाहीर करा, कर भरा, पावती घ्या. आणि कुणी कितीही जवळचा असो, “एवढं पाकीट गावी पोचवा” म्हणाला तर उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. बॅग तुमची, म्हणजे जबाबदारी तुमची.

कस्टमच्या तपासणीत लाल मार्ग की हिरवा?

जाहीर करण्यासारखं काहीही असेल तर लाल. शंका असेल तरी लाल. हिरव्या मार्गाने जाऊन नंतर वस्तू सापडली तर जप्ती आणि दंड दोन्ही होतात. परदेशी चलनी नोटा ५,००० डॉलरपेक्षा जास्त, किंवा नोटा आणि प्रवासी धनादेश मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त असतील तर ते जाहीर करावं लागतं. ई-सिगारेट भारतात आणता येत नाही. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय आणू नका.

बोटीवर मोबाइल चालतो का?

किनाऱ्याजवळ चालतो, मग जातो. बोटीचं स्वतःचं नेटवर्क पकडलं तर बिल प्रचंड येतं. बोट सुटताच फोन विमान मोडवर टाका. घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही, नाहीतर सगळे काळजीत.

तान्हं बाळ किंवा गरोदर बाई जाऊ शकते का?

बहुतेक कंपन्या ६ महिन्यांखालचं बाळ आणि प्रवास संपेपर्यंत २४ आठवडे होणारी गरोदर स्त्री घेत नाहीत. डॉक्टरांचं प्रमाणपत्रही मागतात.

परतीच्या गाडीचं तिकीट कुठलं काढावं?

बोट सकाळी मुंबईला लागते, पण उतरणं गटागटाने होतं. सामान मिळून, परदेशी फेरी असेल तर इमिग्रेशन-कस्टम उरकून बाहेर पडायला सकाळ सरते. मांडवी सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते, तिचं तिकीट काढू नका. रात्री अकराच्या सुमारासची कोकणकन्या धरा. बोट उशिरा आली तरी ती हातची जात नाही. तिचं आरक्षण क्रूझच्या बुकिंगसोबतच करा, कारण सुट्टीच्या दिवसांत ती गाडी आरक्षण उघडल्या उघडल्या भरते. दिवसभर सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं. बॅगेला कुलूप लावलेलं असावं लागतं आणि तिकीट दाखवावं लागतं.